घर कुणाला हवंय यापेक्षा कशासाठी हवंय

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी बरीच वर्षं घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. आजवर धंदा ओळखीवर चालला. जुनी पार्टी नवी पार्टी घेऊन यायची. आता भाचा माझ्यासोबत काम करतो आणि त्याच्या आग्रहावरून आम्ही ऑनलाइन जाहिरातीचं काम एका मुलाला दिलं. त्यानं एक तक्ता आणला. ग्राहकांचे चार वयोगट, प्रत्येकाला वेगळं माध्यम, वेगळी भाषा आणि बजेटचे चार सारखे भाग. तरुणांसाठी इन्स्टाग्रामवर रील, त्यात मला गाण्याच्या ठेक्यावर खोलीतून चालायला लावलं. चाळिशीतल्यांसाठी फेसबुक. निवृत्तांसाठी 'खास ज्येष्ठांसाठी' अशी मोठ्या अक्षरांतली जाहिरात. ती पाहून माझ्या एका जुन्या ग्राहकांनी फोन करून विचारलं, "मी म्हातारा झालो हे तुम्हाला कुणी सांगितलं?" लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांची नावं-नंबर, भरपूर येतात, पण साइट व्हिजिटला, म्हणजे प्रत्यक्ष घर बघायला, माणूस येत नाही. भाचा म्हणतो रील वाढवायला हव्यात. मी म्हणते हे सगळं बंद करावं. कोणत्या वयाच्या माणसाला कुठे गाठायचं आणि त्याच्याशी कसं बोलायचं, ते सांगाल का?

— दोन पिढ्यांमध्ये अडकलेली एजंट

उत्तर

ताई, तुमच्या त्या जुन्या ग्राहकांनी फोनवर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर देऊन टाकलंय. कदाचित त्यांना घर घ्यायचंही असेल. पण जाहिरातीत आपलं वय वाचायची त्यांची इच्छा नव्हती. कुणाचीच नसते.

तो तक्ता येतो कुठून, ते आधी सांगते. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले बूमर, १९६५ ते १९८० जेन एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, १९९७ ते २०१२ जेन झी. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या या रेघा अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या पाहण्यांमधून पसरल्या. लोकांची मतं मोजून त्यांची तुलना करायला त्या बऱ्या पडतात. पण २०२३ मध्ये त्याच संस्थेनं जाहीर केलं की पिढ्यांची ही लेबलं आपण यापुढे जपून वापरू. एका लेबलाखाली मोडणारी माणसं आपापसांत फार वेगळी असतात, आणि जे पिढीचं म्हणून सांगितलं जातं ते पुष्कळदा नुसतं त्या वयाचं असतं. पंचविशीतली माणसं आज जशी वागतात, त्यातलं बरंचसं आधीची पिढीही पंचविशीत करत होती. ज्यांनी रेघा आखल्या तेच सावध झालेत आणि आपले मार्केटिंगवाले अजून त्यावर बजेटचे चार भाग पाडतायत.

घरांच्या बाबतीत तर हा तक्ता आणखी फसतो. अमेरिकेतल्या एजंटांची संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स, दर वर्षी घर घेणाऱ्यांची पाहणी करते. १९८० च्या दशकात तिथे पहिलं घर घेणारा माणूस साधारण विशीच्या अखेरीस असायचा. २०२४ च्या अहवालात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांचं मध्यम वय ३८ निघालं, म्हणजे निम्मे त्याहून मोठे होते. सगळ्या खरेदीदारांचं मिळून मध्यम वय ५६. देश बदलला की आकडे बदलतील, पण मुद्दा बदलत नाही. 'पहिलं घर' म्हटल्यावर तुमच्या त्या मुलाच्या डोळ्यांसमोर कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला कुणीतरी आला आणि त्यानं गाणं लावलं. पहिलं घर घेणारी बाई एव्हाना मुलाच्या शाळेच्या वेळेत अडकलेली असू शकते. घटस्फोटानंतर पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर घेणारा पुरुषही पहिल्या घराचाच ग्राहक असतो.

आणखी एक गोष्ट बघा, ती त्या मुलानं तुम्हाला सांगितली नसावी. घराच्या जाहिरातीत वय निवडायला सगळीकडे मुभा नाही. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनं अमेरिकेतल्या नागरी हक्क संघटनांशी तडजोड केली आणि तिथे घर, नोकरी आणि कर्ज यांच्या जाहिराती वय, लिंग किंवा पिनकोड बघून दाखवणं बंद करायचं मान्य केलं. २०२० मध्ये गूगलनंही अमेरिका आणि कॅनडासाठी तसाच नियम आणला. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, आणखी एक पाऊल मागे यावं लागलं, कारण जाहिरातदारानं काही निवडलं नाही तरी यंत्रणाच आपणहून कुणाला दाखवायचं आणि कुणाला वगळायचं हे ठरवते, असा आक्षेप होता. तिथल्या १९६८ च्या घरविषयक कायद्यात १९८८ साली भर पडली. तेव्हापासून मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला घर नाकारणं किंवा 'मुलं नकोत' असं जाहिरातीत लिहिणं बेकायदा आहे, काही ठरावीक ज्येष्ठ वसाहती सोडून. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम काय आहे, ते जाहिरातीच्या खात्यात पैसे भरण्याआधी बघून घ्या. जाहिरात लावताना ती घरासंबंधी आहे का, असं विचारलं गेलं तर खरं उत्तर द्या. ते लपवल्यावर जाहिरात अडकते, खातंही बंद होऊ शकतं.

कायदा आड येत नसला तरी मी तुम्हाला वयाचं कुंपण घालायला सांगणार नाही. आईवडिलांसाठी लिफ्टचं घर शोधणारी मुलगी तिशीत असते. शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या लेकासाठी एक खोलीचं घर शोधणारा बाप पंचावन्नचा असतो. राहणाऱ्याच्या वयावरून जाहिरात लावली तर शोधणाऱ्याला ती दिसतच नाही.

मग वय अगदीच निरुपयोगी आहे का? नाही. माणूस कोणत्या दारानं तुमच्यापर्यंत येईल, कशाला घाबरेल आणि त्याच्याशी आधी फोनवर बोलावं की मेसेजवर, याचा थोडा अंदाज वयावरून येतो. जाहिरातीत काय सांगायचं, हे मात्र 'हे घर यांना कशासाठी हवंय' यावरूनच ठरवायचं.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. लीड येतात, माणूस येत नाही. जाहिरात चुकीच्या वयाच्या लोकांना दिसतेय असा तुमचा समज दिसतो. मला तसं वाटत नाही. दोन गोष्टी तपासा. पहिली, जाहिरातीत किंमत आहे का? 'किमतीसाठी क्लिक करा' असं असेल तर येणारे बहुतेक जण फक्त किंमत कळावी म्हणून नंबर देतात. ती कळली, परवडली नाही, संपलं. तुम्ही त्याला लीड म्हणता, त्यांनी नुसती चौकशी केलेली असते. किंमत उघड लिहा. लीड कमी होतील, भाचा नाराज होईल, होऊ दे. दुसरी, फॉर्म कसला आहे? फेसबुक-इन्स्टाग्रामच्या तयार फॉर्ममध्ये माणसाचं नाव आणि नंबर त्याच्या प्रोफाइलवरून आपोआप भरला जातो. अंगठा दोनदा टेकवला की लीड तयार. तासाभरानं तुम्ही फोन केला तर त्याला आठवतही नाही. अशा फॉर्ममध्ये पाठवण्यापूर्वी माहिती एकदा तपासायला लावणारा पर्याय असतो, तो निवडा. आणि माणसाला स्वतःच्या हातानं उत्तर लिहावं लागेल असा एक प्रश्न घाला. 'घर कुणासाठी आणि साधारण कधीपर्यंत हवंय?' एवढा पुरे. ज्याला खरोखर घर हवंय तो दोन ओळी लिहितो.

त्याच फॉर्ममध्ये 'फोन करू की मेसेज?' असंही विचारा. तरुणांना अनोळखी नंबरचा फोन नकोसा वाटतो आणि वयस्कांना बोलल्याशिवाय विश्वास बसत नाही, असं सरसकट म्हणतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण अंदाज कशाला बांधायचा? विचारलं की कळतं. जे उत्तर येईल ते पाळा. मेसेज हवा म्हणणाऱ्याला फोन केलात तर ती पार्टी गेली. उत्तर त्याच दिवशी द्या, जमलं तर त्याच तासात. घर शोधणारा माणूस एका बैठकीत पाच-सहा ठिकाणी चौकशी करतो आणि जो आधी नीट बोलतो त्याच्याकडे सरकतो. यात वयाचा काही संबंध नाही.

आता काय दाखवायचं ते. पहिलं घर घेणाऱ्याला स्वयंपाकघराचा ओटा बघण्याआधी एक हिशेब हवा असतो. घराची किंमत त्याला कळते, पण किमतीबाहेरचे खर्च कळत नाहीत. नोंदणी, कर, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, दर महिन्याचा देखभाल खर्च, ताबा मिळाल्यावर राहण्याजोगं करायला लागणारे पैसे, हे सगळं एका घराचं खरं उदाहरण घेऊन, आकड्यांसकट सांगणारा व्हिडिओ करा. त्यात तुम्ही खुर्चीत बसून बोला. चालायची गरज नाही. हातात पैसे किती लागतील आणि कर्जातून किती येतील, हे दोन आकडे वेगवेगळे सांगा. पहिल्यांदा घेणारे नेमके तिथेच अडकतात आणि विचारायला लाजतात. पंचविशीतलेही लाजतात, पन्नाशीतले तर जास्तच.

घरात लहान मुलं आहेत आणि आहे ते घर पुरत नाही, अशांकडे वेळ नसतो. त्यांना सुंदर ड्रोनचं चित्रण दाखवून काही होत नाही. कामाच्या दिवशी सकाळी, गर्दीच्या वेळेत, त्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो याचं न कापलेलं चित्रण त्यांना दाखवा. सामान ठेवायची जागा, गाडी कुठे लावायची, दुपारी ऊन कुठल्या खोलीत येतं. शाळा किती अंतरावर आहे ते सांगा, ती चांगली की वाईट ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आजूबाजूला 'कसे' लोक राहतात यावर तर बोलूच नका. काही देशांत ते बेकायदा आहे आणि कुठेही ते शोभत नाही.

मोठ्या घरातून छोट्या घरात जाऊ पाहणाऱ्यांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुमची 'खास ज्येष्ठांसाठी' जाहिरात तिथेच चुकली. वय काढून टाका आणि सोय लिहा. 'फाटकापासून घराच्या दारापर्यंत एकही पायरी नाही.' 'लिफ्टला वीज गेल्यावर बॅकअप आहे.' 'बाथरूमला उंबरा नाही, दाराची रुंदी इतकी, चाकाची खुर्ची आत जाते.' 'दवाखाना चालत इतक्या मिनिटांवर.' हे वाचून सत्तरीतल्या बाईंना जे कळायचं ते बरोबर कळतं आणि कुणी त्यांचं वय काढलं असं वाटत नाही. शिवाय बाबागाडी ढकलणारी आई आणि पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुणही त्याच ओळीवर थांबतो. एकाच जाहिरातीत तिघेही आले.

या गटाची भीती मात्र वेगळी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आयुष्यभराची शिल्लक एका सहीवर पणाला लागते आणि ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या ते रोज वाचत असतात. त्यांचा संशय योग्यच आहे. म्हणून तुमचं पूर्ण नाव, कार्यालयाचा पत्ता आणि तुमच्या इथे एजंटांना नोंदणी लागत असेल तर नोंदणी क्रमांक, प्रत्येक जाहिरातीत आणि प्रत्येक व्हिडिओखाली हवा. 'घर बघण्याआधी आम्ही टोकन मागत नाही आणि पैसे भरायची लिंक कधीही पाठवत नाही', हे स्पष्ट लिहा आणि तसंच वागा. घर विकलं गेलं की त्याच दिवशी लिस्टिंग उतरवा. विकलेलं घर आमिष म्हणून लटकत ठेवणं हा आपल्या व्यवसायातला जुना रोग आहे. ते ज्याच्या एकदा लक्षात आलं तो तुमच्या पुढच्या कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांचं काम सोपं. ते कुठल्याही वयाचे असतात, भावनेत फारसे गुंतत नाहीत. त्यांना भाडं, रिकामं राहण्याची शक्यता, देखभाल आणि कर यांचा एक तक्ता पाठवा, तेवढं पुरतं.

तुमच्या पत्रात एका माणसाचा उल्लेखच नाही, आणि तो म्हणजे घर विकणारा. तुम्ही, भाचा आणि तो मुलगा, तिघंही फक्त घेणाऱ्याच्या मागे लागलायत. पण हातात चांगली घरं असतील तर घेणारे येतातच. घरं येतात विकणाऱ्यांकडून आणि विकणाऱ्यांमध्ये वयस्क पुष्कळ असतात. तुमच्या धंद्याला वयाचा विचार कुठे खरंच उपयोगी पडत असेल, तर तो इथे. विकणारा माणूस घर बघत नाही, तो तुम्हाला बघतो. तो गूगलवर तुमचं नाव टाकतो, तुमच्या व्यवसायाच्या प्रोफाइलवरचे अभिप्राय वाचतो आणि तुम्ही दुसऱ्याच्या घराचे फोटो कसे काढलेत ते निरखतो. तीस-चाळीस वर्षं राहिलेल्या घरात अनोळखी माणसं फिरणार, आपल्या भिंती इंटरनेटवर दिसणार, याचं त्याला दडपण असतं. त्यावर बोला. घर दाखवायला लोक येतात तेव्हा तुम्ही हजर असता का, किल्ली कुणाकडे असते, कोणते कागद आधी काढून ठेवायचे, किंमत तुम्ही कशाच्या आधारावर सुचवता. फोटोत भिंतीवरची कुटुंबाची चित्रं, औषधांचा डबा, तिजोरी, देवघर, टेबलावरची पत्रं काहीही येऊ देऊ नका, आणि तसं आम्ही येऊ देत नाही हे सांगा. असे चार लहान व्हिडिओ आणि तुमच्या जुन्या ग्राहकांनी मनापासून लिहिलेले अभिप्राय, एवढ्यानं जी घरं हाती येतील ती कुठल्याही रीलनं येणार नाहीत. अभिप्राय पैसे देऊन किंवा घरच्यांकडून लिहून घेऊ नका. वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं.

माध्यमांबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्राम तुम्हाला ओळख नसलेल्या लोकांपर्यंत पोचवतं. यूट्यूबवर लोक विभागाचं नाव आणि प्रश्न टाकून शोधतात, त्यामुळे तिथला नीट नाव दिलेला व्हिडिओ वर्षानुवर्षं काम करत राहतो. फेसबुकवर तुमचे जुने ग्राहक आहेत. गूगलवर शोधणारा माणूस घर घेण्याच्या सगळ्यात जवळ आलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर निर्णय होतो. या सगळ्यांवर सगळ्या वयाची माणसं आहेत. प्रमाण कमी-जास्त असेल, ते तुमच्या जाहिरातीच्या अहवालात तुम्हाला दिसेलच.

निर्णय व्हॉट्सअ‍ॅपवर होतो असं म्हटलं, कारण घर एकटा माणूस सहसा घेत नाही. शोधतो एक, पैसे देतो दुसरा, राहणार तिसरा आणि 'नको' म्हणायचा हक्क चौथ्याकडे असतो. आणि ही चारही माणसं वेगवेगळ्या वयांची. धाकट्या बहिणीनं रात्री रील बघितली, नवऱ्याला पाठवली, त्यानं वडिलांना पाठवली, वडिलांनी चष्मा लावून ती उघडली. तुमच्या तक्त्यातले चारही गट एकाच घरातल्या एकाच ग्रुपवर बसलेत. म्हणून तुमची जाहिरात पुढे पाठवल्यावर पुढच्या माणसाच्या हातात काय पडतं, यावर मेहनत घ्या. नुसती रील पुढे गेली तर वडिलांना गाणं ऐकू येतं आणि चौरस फूट कळत नाहीत. प्रत्येक घरासाठी एक पान करा. त्यावर खोल्यांचा नकाशा मापांसकट, किंमत, कार्पेट एरिया, मजला, इमारतीचं वय, महिन्याचा देखभाल खर्च, ताबा कधी, तुमचं नाव-नंबर आणि ते पान बनवल्याची तारीख. तारीख विसरू नका. पुढे पाठवलेली पानं महिनोन्महिने फिरत राहतात आणि जुन्या किमतीवरून नंतर वाद होतात. रीलच्या खाली, यूट्यूबच्या वर्णनात, गूगलवरच्या जाहिरातीत, सगळीकडून लोक याच एका पानावर यायला हवेत. दारं कितीही असू देत, आत गेल्यावर घर तेच आणि माहिती तीच दिसली पाहिजे. तरुणाला एक किंमत आणि निवृत्ताला दुसरी, असं तर कधीच होता कामा नये. एकाच घरातले ते दोघं जेवताना बोलतात.

व्हॉट्सअ‍ॅपची एक गंमत सांगते, बऱ्याच एजंटांना ती माहीत नसते. ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीतून, पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. म्हणजे तुम्ही शंभर जणांना पाठवता आणि मिळतो त्यातल्या काहींनाच. साइट व्हिजिटला आलेल्या माणसाला तिथेच नंबर सेव्ह करायला सांगा. आणि रोज शुभ सकाळ पाठवू नका, कितीही मोह झाला तरी. त्यानं ज्या प्रकारचं घर मागितलं तसं मिळालं तरच मेसेज.

मोठ्या अक्षरांबद्दल. तो मुलगा तिथे अर्धा बरोबर होता. चाळिशीनंतर जवळचं वाचायला बहुतेकांना त्रास होऊ लागतो आणि तुमचे पैसे मोजणारे ग्राहक त्याच वयाचे आहेत. पण मोठी अक्षरं सगळ्यांनाच द्या, वेगळी 'ज्येष्ठ आवृत्ती' काढू नका. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगातला फरक किमान ४.५ला १ असावा असं सांगितलंय. पांढऱ्यावर काळं असेल तर तो २१ला १ भरतो. फिकट सोनेरीवर पांढरी अक्षरं, जी आपल्या धंद्यात फार लाडकी आहेत, ती या कसोटीवर सपशेल नापास होतात. ती उन्हात उभ्या असलेल्या तरुणालाही वाचता येत नाहीत. प्रत्येक व्हिडिओत बोललेलं खाली लिहून येऊ द्या. बस, कार्यालय, झोपलेलं मूल, आवाज बंद ठेवायची कारणं प्रत्येक वयाला असतात. फोन नंबर चित्रात कोरू नका, टेकवला की लागेल असा लिहा.

पैशांचे चार भाग आजच थांबवा. एक घर घ्या. त्याच्या दोन जाहिराती करा, फोटो तेच, किंमत तीच, पान तेच. पहिल्या ओळीत फक्त बदल. एकीत 'दारापर्यंत एकही पायरी नाही', दुसरीत 'हातात किती पैसे लागतील, पूर्ण हिशेब'. दोन्हींना सारखे पैसे, सारखे दिवस. वय निवडू नका. मग बघा प्रत्यक्ष घर बघायला किती जण आले आणि एका साइट व्हिजिटमागे किती खर्च पडला. लाइक, व्ह्यू आणि लीड हे आकडे मोजू नका. अहवालात १८-२४, २५-३४ असं करत ६५च्या वरपर्यंत वयोगटाची फोड मिळत असेल तर ती आता बघा, पैसे लावण्याआधी नव्हे. दोन-चार व्हिजिटवरून निष्कर्ष काढू नका. तेवढ्यात काहीही योगायोगानं होतं. तीन-चार घरांवर हेच करून बघितलंत की कुठली ओळ चालते ते दिसायला लागेल.

भाच्याचं आणि तुमचं भांडण मला खरं तर कामाच्या वाटणीचं वाटतं. त्याला कॅमेरा कळतो, तुम्हाला ग्राहक काय विचारणार हे कळतं. त्याला प्रत्येक साइट व्हिजिटला सोबत न्या आणि लोक तिथे जे जे विचारतात ते त्याला लिहून घ्यायला सांगा. 'शेजारचं घर बंद का आहे', 'पाण्याची टाकी कधी धुतात', 'हा ओलाव्याचा डाग कसला'. त्या प्रत्येक प्रश्नाचा एक व्हिडिओ होतो आणि त्यात उत्तर देणाऱ्या तुम्ही. डाग असेल तर डागही दाखवा. जो माणूस डाग बघूनही येतो तो खरा येणारा.

नवीन काहीही करण्याआधी मात्र एक काम. गेल्या वर्षभरात तुमच्याकडून ज्यांनी घर घेतलं त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला विचारा: घर पहिल्यांदा कुणी बघितलं, कुठे बघितलं, ते कुणाकुणाला दाखवलं आणि शेवटी 'घेऊया' कोण म्हणालं. फोन भाच्याला करू द्या. तुम्ही शेजारी बसा, मध्ये बोलू नका.